फिलिंगची दातावरची पकड: चिकटद्रव्यांच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै

प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात लिहून मार्गदर्शक मॅडमना दाखवला: दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट फिलिंग दाताला धरून ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तीन प्रकारच्या चिकटद्रव्यांपैकी सर्वांत चांगले कोणते? त्यांनी ‘सर्वांत चांगले’ हे शब्द खोडले आणि समासात लिहिले, ‘कशावर, कोणाच्या हातून, किती दिवसांनी?’ प्रश्न आता असा आहे: डेंटीनवर (इनॅमलखालच्या, दाताच्या मुख्य थरावर), एकाच व्यक्तीच्या हातून लावलेल्या तीन चिकटद्रव्यांचे बंधबल, म्हणजे जोड तोडायला दर चौरस मिलिमीटरला लागणारा जोर, चोवीस तासांनी आणि सहा महिन्यांनी किती भरते, आणि जोड तुटतो तेव्हा नेमका कुठे तुटतो?

चांदीच्या फिलिंगला चिकटद्रव्याशिवाय भागत असे, कारण खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरला की फिलिंग आपोआप अडकून राहते. कॉम्पोझिटचे तसे नाही. कडक होताना त्याचे आकारमान साधारण दोन ते तीन टक्क्यांनी घटते आणि ते खड्ड्याच्या भिंतीपासून स्वतःला ओढून घेऊ पाहते, म्हणजे रुग्णाने पहिला घास चावण्याच्या कितीतरी आधी, दिव्याखालच्या पहिल्या काही सेकंदांतच चिकटद्रव्याची परीक्षा सुरू झालेली असते.

तीन द्रव्यांना क, ख आणि ग अशी अक्षरे दिली आहेत. क हे आधी फॉस्फोरिक आम्ल लावून धुऊन मग वापरायचे, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेले द्रव्य आहे. ख हे दोन बाटल्यांचे सेल्फ-एच आहे. त्यात वेगळे आम्ल लावून धुण्याची पायरी नसते, कारण प्रायमरच (पहिल्या बाटलीतले, आधी लावायचे द्रव) सौम्य आम्लधर्मी असतो आणि त्यात १०-एमडीपी हा रेणू आहे. ग हे एका बाटलीचे युनिव्हर्सल द्रव्य असून ते दोन्ही पद्धतींनी लावता येते, म्हणून त्याचे ग-१ (आम्लाशिवाय) आणि ग-२ (आम्लासह) असे दोन गट केले. एकूण गट चार.

९ जुलै

दात मोजले. दुसऱ्या कारणांसाठी काढाव्या लागलेल्या, संमतीने मिळालेल्या चौतीस अक्कलदाढा ०.५ टक्के क्लोरामाइन-टीच्या द्रावणात आठवडाभर ठेवून नंतर ४ अंश सेल्सिअसला ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवल्या होत्या. काढल्यापासून सहा महिन्यांपेक्षा जुना दात घ्यायचा नाही, ही आयएसओ ११४०५ या दातांवरील पकडीच्या चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजातील मर्यादा पाळली आहे. भिंगाखाली पाहताना चार बाद झाल्या: दोघींना तडे होते, एकीच्या खाचेखाली कीड निघाली आणि एकीचा कोपरा चिमट्याने उडाला होता. दोन सरावासाठी बाजूला काढल्यावर अठ्ठावीस उरतात, म्हणजे गटागणिक सात. जादा एकही नाही, हे मनाला टोचते आहे.

११ जुलै

चाचणी कोणती घ्यायची यावर आज बराच वेळ गेला. बाजूने रेटून फिलिंग उडवण्याची शिअर चाचणी सोपी आणि झटपट होते, पण तिच्यात जोर जोडाच्या एका कडेवर एकवटतो आणि पुष्कळदा जोड शाबूत राहून डेंटीनचाच तुकडा निघून येतो. मग जो आकडा मिळतो तो चिकटद्रव्याचा नसून दाताचा असतो. सानो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या मायक्रोटेन्साइल पद्धतीत एकाच दाताच्या जेमतेम एक चौरस मिलिमीटर छेदाच्या अनेक काड्या कापून त्या सरळ ओढून तोडतात. जोडाचे क्षेत्र लहान असल्याने त्यात दोष असण्याची शक्यता कमी होते, ताण अधिक समान पसरतो आणि तुटण्याची जागा बहुधा जोडातच राहते.

त्याच कारणाने आकडेही मोठे येतात. तेच द्रव्य, तोच दात, पण जोडाचे क्षेत्र चौपट केले तर दर चौरस मिलिमीटरचे बंधबल कमी भरते. म्हणून एका प्रयोगशाळेतील मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन जोर) दुसरीतील मेगापास्कलशेजारी ठेवून ‘हे द्रव्य त्याच्या दीडपट भारी’ असे म्हणणाऱ्या जाहिरातींकडे यापुढे मी जरा वेगळ्या नजरेने पाहणार आहे.

१५ जुलै

सरावाच्या दोन दाढांवर हात बसवला. मंदगती हिऱ्याच्या करवतीने वरचे इनॅमल आडवे उतरवले, उघड्या पडलेल्या डेंटीनवर इनॅमलचा एखादा ठिपका राहिला नाही ना हे भिंगाने तपासले आणि ६०० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइड कागदावर पाण्याखाली मिनिटभर घासले. या घासण्याने डेंटीनवर भुग्याचा एक पातळ थर, ज्याला सर्वजण स्मिअर लेअर म्हणतात, बसतो आणि सूक्ष्म नलिकांची तोंडे बुजतात. हा थर सगळ्या दातांवर सारखा असणे महत्त्वाचे आहे, कारण क चे आम्ल तो धुऊन काढते, तर ख ला त्याच्यातूनच वाट काढायची असते.

दुपारी एक घोळ सापडला. काड्यांची जाडी मोजण्याचा डिजिटल कॅलिपर १.०० मिमीच्या प्रमाण ठोकळ्यावर ०.९६ दाखवत होता. चार शतांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण दोन्ही बाजूंना तीच चूक झाली की क्षेत्रफळ १.०० ऐवजी ०.९२ चौरस मिमी धरले जाते आणि ३० न्यूटनला तुटलेल्या काडीचे बंधबल ३० ऐवजी ३२.६ मेगापास्कल लागते. सगळ्याच गटांना हा आठ टक्क्यांचा प्रसाद सारखाच मिळाला असता, तुलना बिघडली नसती, असे सहाध्यायी म्हणाला. ते खरे, पण उद्या जबडे पुसून पुन्हा शून्यावर आणल्यावर निम्मे दात एका मापाने आणि निम्मे दुसऱ्या मापाने मोजले गेले असते त्याचे काय? जबड्यांमध्ये वाळलेला सायनोअ‍ॅक्रिलेटचा, म्हणजे काड्या चिकटवायच्या झटपट गोंदाचा, कण निघाला. आता रोज सकाळी ठोकळा मोजून आकडा वहीत लिहायचा.

कॉम्पोझिट कडक करणाऱ्या क्युअरिंग दिव्याची तीव्रताही रेडिओमीटरने रोज नोंदायची ठरली. १००० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रतेचा दिवा दहा सेकंदांत दर चौरस सेंटिमीटरला १० ज्यूल देतो. बॅटरी उतरली की वेळ तोच राहतो आणि ज्यूल गुपचूप कमी होतात.

१७ जुलै

माझी मूळ योजना अशी होती की एका दिवशी एका गटाचे सातही दात उरकायचे, म्हणजे बाटल्यांची अदलाबदल होणार नाही. मॅडमनी ती मोडून काढली. पहिल्या दिवशीचा हात आणि सातव्या दिवशीचा हात एक नसतो, त्यामुळे जो गट शेवटी येईल त्याला सरावाचा फायदा मिळेल आणि तो फायदा चिकटद्रव्याच्या नावावर जमा होईल, असे त्यांचे म्हणणे. आता रोज प्रत्येक गटाचा एकेक दात, चिठ्ठ्या टाकून ठरेल त्या क्रमाने, असे सात दिवस चालेल. काड्या तोडणाऱ्याला गट कळू नये म्हणून डब्यांवर फक्त क्रमांक असतील आणि यादी मॅडमकडे राहील.

आणखी एक नियम आजच, एकही आकडा हाती येण्यापूर्वी, लिहून सही केली: करवतीखाली किंवा हाताळताना जी काडी जोडातच सुटेल तिची नोंद शून्य मेगापास्कल अशी होईल. काही अभ्यासांत अशा काड्या वगळतात, काहींत त्यांना गटातील सर्वांत कमी आकडा देतात. आम्ही शून्य धरणार, आणि वगळून येणारा आकडाही शेजारी देणार. प्रत्येक दाताच्या निम्म्या काड्या चोवीस तासांनी तोडायच्या आणि निम्म्या सहा महिन्यांसाठी साठवायच्या, म्हणून सुटलेल्यांची शून्येही या दोन वाट्यांत समान विभागायची.

१८ जुलै

पहिला दिवस. चिठ्ठ्यांचा क्रम: क, ग-२, ख, ग-१.

क: ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेली पंधरा सेकंद, पाण्याने पंधरा सेकंद धुतले, ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपले. पृष्ठभाग चकाकता पण पाणी साचलेले नाही. दोन थर, फुंकर, दहा सेकंद दिवा.

हे ‘चकाकता पण साचलेले नाही’ म्हणजे नेमके किती, हे कोणत्याच माहितीपत्रकात मिलिलिटरमध्ये लिहिलेले नसते. आम्लाने डेंटीनच्या वरच्या काही मायक्रॉनमधील खनिज विरघळले की मागे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी उरते, आणि ती पाण्याच्या आधारावरच उभी असते, जसे पाण्यातले शेवाळ पाण्यात फुललेले असते आणि बाहेर काढले की चिकटून एक होते. पाणी उरले तर अ‍ॅसिटोनला ते पुरते हुसकावता येत नाही आणि राळेत (चिकटद्रव्यातल्या रेझिनमध्ये) थेंब अडकतात, पाणी उडाले तर जाळी कोसळते आणि राळेला आत शिरायला वाटच राहत नाही. या दोहोंमधली पट्टी अरुंद आहे.

ख: प्रायमर वीस सेकंद, हवेने वाळवले, बॉन्ड (दुसरी बाटली), दिवा. इथे धुणे नाही म्हणून ओलाव्याचा प्रश्नही नाही. हात मोकळा राहतो.

कॉम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी चढवले, दर थराला वीस सेकंद दिवा. चारही दात ३७ अंशाच्या पाण्यात चोवीस तासांसाठी ठेवले.

१९ जुलै

कालचे चार दात कापले. एका दाताला तासाभराहून जास्त लागतो. कडेच्या, इनॅमल लागलेल्या काड्या बाद. दुसरी फेरीही लावून झाली. विशेष काही नाही.

२३ जुलै

काल तिसरी फेरी लावली होती, ती आज कापली. गट क च्या तिसऱ्या दाताने दिवस खाल्ला.

आडव्या कापांपर्यंत सगळे ठीक होते. उभे काप सुरू केल्यावर पाचव्या कापाला पाण्याच्या धारेबरोबर एक पांढरा ठोकळा ट्रेमध्ये पडला, आणि मला आधी वाटले की कॉम्पोझिटचा कोपरा उडाला. चिमट्याने उचलून पाहिले तर त्याची खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. तुटलेली वस्तू अशी दिसत नाही, न चिकटलेली दिसते. चौदा काड्यांपैकी सहा अशाच सुटल्या. उरलेल्या आठांपैकी चार साठवणीच्या डबीत गेल्या आणि चार सहाध्यायाने मशीनवर तोडल्या: २७.८, ३६.१, ३०.४ आणि ३१.७ मेगापास्कल. सरासरी ३१.५, म्हणजे चांगलीच.

आणि इथेच नियमाची खरी कसोटी लागली. सुटलेल्या सहांपैकी आजच्या वाट्याला येणारी तीन शून्ये धरली की १२६ ला चाराऐवजी साताने भागायचे आणि दाताची सरासरी १८.० होते. तोच दात, त्याच काड्या, एक आकडा ‘उत्तम’ सांगतो आणि दुसरा ‘निम्मे फिलिंग पडले’ असे सांगतो. ज्या काड्या तगल्या त्या तगण्याइतक्या मजबूत होत्या म्हणूनच मशीनपर्यंत पोचल्या, त्यांचीच सरासरी काढणे म्हणजे पास झालेल्यांचीच उत्तरपत्रिका तपासून वर्गाचा निकाल जाहीर करणे होय.

नियम सतरा तारखेला लिहिला नसता तर आज मी तो कोणत्या बाजूने लिहिला असता, याची मला खात्री देता येत नाही.

२४ जुलै

कारण शोधत वही मागे चाळली आणि ते एका क्रियापदात सापडले. क च्या पहिल्या आणि दुसऱ्या दाताच्या नोंदीत ‘टिपले’ असे लिहिले आहे. तिसऱ्या दाताच्या नोंदीत, माझ्याच अक्षरात, ‘वाळवले’ असे आहे. त्या दिवशी चिठ्ठीत ख आधी आला होता आणि त्याच्या लगेच मागे क. ख ला हवेने वाळवायचे असते, हाताने तीच चाल पुढच्या दातावर गिरवली आणि मनाने नोंदही इमानाने करून ठेवली, फक्त त्या शब्दाचा अर्थ त्या क्षणी मला लागला नाही.

गंमत अशी की गट मिसळून घेतले म्हणून ही चूक झाली. एका दिवशी सगळे क केले असते तर सातही वेळा टिपलेच असते. मॅडमना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग दवाखान्यात काय होतं असं तुम्हाला वाटतं? तिथे एका दिवशी एकाच बाटलीचे रुग्ण येतात का?”

दात बाद करून नवा घ्यावा, अशी परवानगी मी मागितली. त्यांचा प्रश्न सरळ होता: ख च्या एखाद्या दाताचा आकडा कमी आला असता तर त्याचीही नोंद मी इतक्या बारकाईने चाळली असती का? चाळली नसती. फक्त नावडत्या आकड्याची कारणे शोधून तो बदलायचा असेल तर चारही गटांच्या सर्व दातांच्या नोंदींना तोच न्याय लावावा लागेल. दात राहिला, शून्ये राहिली, आणि अहवालात ‘वाळवले’ हा शब्दही तसाच जाणार आहे.

रात्री विचार करताना मला त्यांचे म्हणणे अधिक पटले. कोणते द्रव्य हाताची चूक किती पोटात घालते हा त्या द्रव्याचाच गुण आहे. तीच चूक ग-२ मध्ये, जिथे आम्ल लावलेलेच होते, कितपत महाग पडली असती हे मला माहीत करून घ्यायचे आहे.

३० जुलै

सातही फेऱ्या काल संपल्या, काड्याही आज तोडून झाल्या. मॅडमनी यादी उघडण्यापूर्वी तुटलेली टोके स्टिरिओमायक्रोस्कोपखाली चाळीसपट करून पाहिली. तुटण्याची जागा चार प्रकारांत मांडली: जोडात, डेंटीनच्या पोटात, कॉम्पोझिटच्या पोटात, आणि मिश्र. डेंटीनच्या पोटात तुटलेल्या काड्या थोड्याच आहेत, पण त्यांतील दोन अगदी कमी बलाला तुटल्या हे खटकले. जिगवर (मशीनमध्ये काडी धरणाऱ्या साच्यावर) काडी सायनोअ‍ॅक्रिलेटने चिकटवताना ती ओढीच्या रेषेत बसली नाही, तर ताणाबरोबर वाकही येतो आणि ठिसूळ डेंटीन आधी हार मानते. चिकटवण्याच्या फोटोंत त्यांतील एक काडी डोळ्यांनाही तिरकी दिसते. या दोन काड्यांचे आकडे जोडाबद्दल काहीच सांगत नाहीत, एवढेच सांगतात की जोड निदान तेवढा तरी टिकला.

४ ऑगस्ट

यादी उघडली. काड्यांना स्वतंत्र नमुने मानून आकडेमोड करण्याचा मोह मोठा होता, कारण मग प्रत्येक गटात पन्नासाच्या आसपास आकडे दिसतात आणि कुठलाही फरक चटकन ठळक ठरतो. पण एका दाताच्या सात काड्या एकाच डेंटीनच्या, एकाच मिनिटात आणि एकाच हाताने लागलेल्या असतात. त्या एकमेकींच्या बहिणी आहेत. नमुना म्हणजे दात, आणि दात गटाला सातच. या हिशेबाने ग-१ आणि ग-२ यांच्यात डेंटीनवर सांगण्याजोगा फरक राहत नाही. ख वर आहे आणि त्याचे दात एकमेकांच्या जवळ आहेत. क चे सर्वांत मोठे आकडे ख च्या सर्वांत मोठ्या आकड्यांच्या तोडीचे आहेत, पण त्याची कमी आकड्यांकडची शेपटी लांब आहे.

ही शेपटी सरासरीत दिसत नाही, म्हणून वायबुल आलेखही काढला. त्यात ज्या ताणाला ६३.२ टक्के नमुने तुटलेले असतात तो ताण गुणविशेष बल म्हणून धरतात, आणि रेषेचा चढ नमुने किती एकसारखे वागले ते सांगतो: उभी रेषा म्हणजे भरवशाचे वागणे, आडवी म्हणजे कधी उत्तम, कधी रामभरोसे. क ची रेषा चौघांत सर्वांत आडवी. रुग्णाच्या तोंडातले फिलिंग सरासरीने पडत नाही, शेपटीतल्या एखाद्या जोडाने पडते. माझ्या मते या प्रकल्पातले सर्वांत उपयोगाचे चित्र हेच आहे, जरी सादरीकरणात सगळे स्तंभालेखाकडेच बघतील.

८ ऑगस्ट

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर अर्धा दिवस मिळाला. सोन्याचा मुलामा दिलेल्या सहा तुटलेल्या टोकांपैकी तिसऱ्या दाताच्या एका सुटलेल्या काडीवर सर्वांत जास्त वेळ घालवला.

दोन हजारपट मोठे केल्यावर नलिकांची तोंडे उघडी आणि स्वच्छ दिसतात, म्हणजे आम्लाने आपले काम नीट केले होते. नलिकांच्या मधल्या भागात मात्र तंतूंची मोकळी जाळी दिसायला हवी, तिथे तव्यावर पसरून वाळलेल्या पेजेसारखा एकसंध, सपाट थर आहे. काही नलिकांत राळेचे खुंट शिरलेले आहेत, पण ते मुळाशी तुटलेले आहेत, भिंतींना धरलेले नाहीत. नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये ज्याला हायब्रिड लेअर म्हटले, म्हणजे राळ आणि कोलॅजेन एकमेकांत विणले जाऊन तयार होणारा थर, तो इथे तयारच झालेला नाही. शेजारच्या, टिपलेल्या दाताच्या काडीवर तुटलेली जागा खडबडीत आहे आणि तंतू राळेत बुडालेले आहेत. खुंट दोन्हीकडे आहेत. विद्यार्थिदशेत आम्ही ‘खुंटांमुळे पकड येते’ असे पाठ केले होते. या दोन चित्रांसमोर ते वाक्य टिकत नाही.

ख च्या काडीवर विणलेला थर एक मायक्रॉनचाही नाही. थर जाड तितकी पकड पक्की, असा समज इथे उलटा पडतो. सौम्य प्रायमर तंतूंभोवतीचे खनिज पुरते काढत नाही, आणि मागे राहिलेल्या खनिजातील कॅल्शियमशी १०-एमडीपी रासायनिक बंध करतो. तो बंध पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या डब्यांकडून माझ्या अपेक्षा आहेत.

१४ ऑगस्ट

वाळवण्याचा उपप्रयोग. नंतर मिळालेल्या सहा दाढा, द्रव्य फक्त क. दोन टिपल्या, दोन हवेने दहा सेकंद वाळवल्या, दोन तशाच वाळवून मग ओल्या ब्रशने वीस सेकंद पुन्हा भिजवल्या. वाळवलेल्या दोन्ही दाढांच्या काड्या करवतीखाली सुटल्या, टिपलेल्यांची एकही सुटली नाही. पुन्हा भिजवलेल्यांपैकी एका दाढेची एकच काडी सुटली. कोसळलेली जाळी पाण्याने बऱ्याच अंशी परत उभी राहते, हे पुस्तकात होतेच, पण करवतीखाली ते ऐकू येते: सुटणाऱ्या काडीचा टक असा कोरडा आवाज वाळवलेल्या दोन दाढा सोडल्या तर जवळपास आलाच नाही. दोन-दोन दाढांवरून आकडा सांगणार नाही, दिशा तेवढी लिहून ठेवते.

ग-२ वर हाच प्रयोग करायचा राहिला, कारण दात संपले.

२० ऑगस्ट

इनॅमलचे काम थोडक्यात. इनॅमलच्या काड्या कापताना फारच तडकतात, म्हणून इथे शिअर चाचणीच घेतली: २.३८ मिमी व्यासाचा साचा, क्षेत्र ४.४५ चौरस मिमी, म्हणजे ९८ न्यूटनला सुटलेला नमुना २२ मेगापास्कलचा. हे आकडे डेंटीनच्या आकड्यांशेजारी एका तक्त्यात ठेवायचे नाहीत, असे मी वहीच्या कव्हरवरच लिहिले आहे.

ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर तीस सेकंद लावून अ‍ॅक्रिलिकची पकड वाढल्याचे दाखवले, तेव्हापासून इनॅमलच्या बाबतीत मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. आम्ल धुऊन वाळवले की चकाकी जाऊन खडूसारखा पांढरटपणा येतो, आणि इथे पूर्ण वाळवणे चालते, कारण कोसळायला कोलॅजेनच नाही. ख चा सौम्य प्रायमर न घासलेल्या इनॅमलवर कमी पडतो. इनॅमलच्या कडेलाच तेवढे आम्ल लावायचे आणि डेंटीनवर सेल्फ-एच, ही सिलेक्टिव्ह एचिंगची पद्धत याच कारणाने रूढ झाली आहे. या प्रकल्पातील माझ्या दोन तक्त्यांवरून मीही तीच निवडेन.

२२ ऑगस्ट

साठवणीच्या डब्यांना मॅडमनी नवे क्रमांक दिले आणि यादी पुन्हा स्वतःकडे ठेवली. पाणी दर आठवड्याला बदलायचे. काडीच्या चारही बाजूंनी पाणी थेट जोडाला भिडते, त्यामुळे अखंड दातापेक्षा इथे जीर्णता लवकर येते. कोलॅजेनचे जे तंतू राळेने वेढले गेले नाहीत त्यांना डेंटीनमधलीच विकरे पोखरतात, आणि पाणी शोषणारी राळ हळूहळू मऊ पडते.

६ फेब्रुवारी

डबे उघडण्यास सुरुवात केली. कॅलिपर ठोकळ्यावर १.००, तपासला. पहिली डबी क्रमांक १७, चार काड्या. दोन जिगवर लागल्या. तिसरी चिमट्याने पाण्याबाहेर काढत असताना, हवेतच, जोडात सुटली आणि तिचा कॉम्पोझिटचा अर्धा भाग परत डबीत पडला. खालची बाजू गुळगुळीत नाही, खडबडीत आहे. मी सहाध्यायाकडे पाहिले, तो म्हणाला, “चिमट्याचा धक्का लागला असेल.” लागला असेलही. रकान्यात ०.० लिहिले, शेजारी ‘हाताळताना’ असा शेरा मारला आणि चौथी काडी उचलली.